समोरचा कसा खेळतो ते ओळखून पोकर कसे खेळावे: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पोकर शिकणाऱ्याला पानांची क्रमवारी आठवडाभरात पाठ होते आणि पॉटचा (डावात मध्ये जमलेल्या चिप्सचा) हिशेबही महिन्या-दोन महिन्यांत जमू लागतो. पण समोर बसलेल्या माणसाप्रमाणे आपला खेळ कसा बदलायचा, या प्रश्नावर बरेच जण वर्षानुवर्षे एकाच जागी अडकलेले दिसतात. माझ्या पाहण्यात याचे कारण एकच असते, ते म्हणजे कामांचा क्रम उलटा लागणे. माणूस आधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, मग ‘हा घाबरट आहे’ किंवा ‘हा ब्लफ मारतो आहे’ (कच्च्या पानांवर चिप्स लावून फसवतो आहे) असा शिक्का मारतो आणि शेवटी त्या शिक्क्याला शोभतील अशी पाने त्याच्या हातात कल्पितो. क्रम असा हवा: आधी समोरचा किती डावांत उतरतो ते मोजावे, मग त्याची उघडी पडलेली पाने पाहावीत, त्यावरून कच्चा अंदाज बांधावा, त्या अंदाजानुसार आपल्या खेळात एकच बदल करावा आणि चेहरा, हात, आवाज यांच्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

खालील सर्व उदाहरणे नो-लिमिट टेक्सस होल्डेमची आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांची मिळून पाच उघडी पाने आणि लावायच्या रकमेला मर्यादा नाही. ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स; त्यांतला मोठा तो बिग ब्लाइंड) ५० आणि १०० चिप्सचे, प्रत्येकापुढे सुरुवातीला १०,००० चिप्स आणि टेबलावर आठ-नऊ जण, असे गृहीत धरले आहे. फ्लॉप (मधली पहिली तीन पाने), टर्न (चौथे पान), रिव्हर (पाचवे पान), चेक (काही न लावता पुढे देणे), कॉल (समोरच्याएवढे लावणे) आणि रेझ (रक्कम वाढवणे) हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

कायद्याबाबत सूचना. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. गोव्यात परवाना असलेले कॅसिनो चालतात, महाराष्ट्रात तशी सोय नाही. या लेखातला सगळा सराव नुसत्या चिप्सवर, पैसे न लावता करता येतो. मात्र बिनपैशाच्या डावात गमावण्यासारखे काही नसल्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण शेवटपर्यंत कॉल करत राहतो, हे निष्कर्ष काढताना ध्यानात ठेवावे.

## टप्पा १: बसण्याआधी स्वतःची तपासणी

समोरच्याचे मन वाचण्याआधी आपले मन ठिकाणावर आहे का, हे पाहणे ही नुसती औपचारिकता नाही. पुढचा प्रत्येक टप्पा त्यावर उभा आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा आहे, की माणसाला तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख अधिक बोचते, आणि तोट्यात असलेला माणूस एरवी घेतला नसता असा धोका पत्करायला तयार होतो. पोकरच्या टेबलावर हे रोज घडते. ३,००० चिप्स गमावलेला माणूस ‘निदान बरोबरीत येऊ’ म्हणून असे डाव खेळू लागतो, जे त्याने पहिल्या तासात हसत फेकून दिले असते.

बसण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: आज जास्तीत जास्त किती चिप्स घालवायच्या, किती वाजता उठायचे आणि कोणत्या प्रसंगानंतर टेबलावरून दहा मिनिटे बाजूला व्हायचे. मी स्वतः ‘लागोपाठ दोन मोठे पॉट गेले की उठून पाणी प्यायचे’ असा नियम ठेवला आहे. तो न पाळल्याच्या दिवसांची नोंद वहीत पाहिली, की सर्वांत वाईट निर्णय त्याच दिवशीचे निघतात.

थांबून तपासा. गेल्या वेळचे गमावलेले परत मिळवायचे, हा आज खेळायला बसण्याचा हेतू असेल तर बसू नये. दोन-तीनदा ठरवूनही थांबता येत नसेल, तर प्रश्न पोकरच्या कौशल्याचा राहिलेला नसतो. घरच्या माणसाला सांगावे आणि समुपदेशकाची मदत घ्यावी.

## टप्पा २: पहिले तीस डाव केवळ मोजावेत

प्रत्यक्ष टेबलावर ताशी साधारण पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे हा टप्पा सुमारे एका तासाचा आहे. या काळात आपण नेहमीसारखा, चांगल्या पानांवर सरळ खेळ करावा आणि मनाचा मोकळा भाग मोजणीला द्यावा. सगळ्या टेबलाची मोजणी एकदम जमत नाही. सुरुवातीला दोनच माणसे निवडावीत: आपल्या लगेच डावीकडचा, कारण तो बहुतेक वेळा आपल्यानंतर बोलतो (म्हणजे आपली चाल ठरवतो), आणि ज्याच्यापुढे चिप्सची सर्वांत मोठी रास आहे तो.

मोजायच्या गोष्टी दोनच आहेत. पहिली, तो किती डावांत स्वतःहून चिप्स टाकून उतरतो. दुसरी, उतरताना तो रेझ करतो की नुसता कॉल करतो. आठ-नऊ जणांच्या टेबलावर जपून खेळणारा माणूस तीस डावांपैकी साधारण चार ते सहा डावांत उतरेल. बारा-पंधरा डावांत उतरणारा माणूस हाती पडलेली बरीचशी सामान्य पानेही खेळतो आहे. बिग ब्लाइंडवर बसून फुकट पाहिलेला फ्लॉप या मोजणीत धरू नये. ही चूक फार होते आणि तिच्यामुळे गप्प, सावध माणूससुद्धा सैल वाटू लागतो.

तीस डाव हा आकडा लहान आहे, याची जाणीव ठेवावी. शंभरातले वीस डाव खेळणारा माणूससुद्धा नुसत्या चांगल्या पानांच्या लाटेवर तीसपैकी दहा किंवा त्याहून अधिक डावांत उतरू शकतो. शंभरातल्या सुमारे सहा वेळा तसे घडते. म्हणून तासाभरानंतर जे हाती येते तो अंदाज पेन्सिलने लिहिलेला समजावा.

नेहमीची चूक. कपडे, वय, बोलण्याची ढब, घड्याळ यांवरून आधीच ठरवून टाकणे. एकदा ठरले की मन तेवढाच पुरावा वेचते. वयस्कर गृहस्थ सावधच खेळणार असे मानून बसलेल्यांनी त्यांच्या ब्लफपुढे चांगली पाने फेकलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

## टप्पा ३: उघडलेल्या पानांवरून डाव उलट वाचावा

मोजणी वरवरचे सांगते, तर उघडी पडलेली पाने आतले सांगतात. शोडाउन (डावाच्या शेवटी पाने उघडून दाखवणे) होताच बहुतेकांचे लक्ष पॉट कोणाकडे गेला याकडे जाते, आणि नेमके त्याच क्षणी सर्वांत मोलाची माहिती टेबलावर पडलेली असते. डाव संपल्यावर त्या माणसाची दोन्ही पाने मनात धरून रिव्हरपासून मागे यावे. शेवटी त्याने किती लावले आणि तेव्हा त्याच्याकडे काय होते? टर्नवर तो कशाच्या आधारावर टिकला? फ्लॉपवर त्याला काय लागले होते? आणि मुळात ही पाने घेऊन तो डावात उतरलाच कसा?

समजा, पहिल्याच जागेवरून एकाने रेझ केले, दुसऱ्याने कॉल केला आणि शेवटी त्या दुसऱ्याने किल्वरची नव्वी व चौकटची छक्की दाखवली. ही दोन वेगवेगळ्या रंगांची, एकमेकांना न लागणारी पाने त्याने रेझपुढे खेळली, एवढ्या एका शोडाउनने तासाभराच्या मोजणीइतके काम केले. आता त्याच्या कॉलचा अर्थ ‘बरी पाने आहेत’ असा लावता येणार नाही.

याच टप्प्यावर लावलेल्या रकमेकडे पाहावे. खूपसे खेळाडू पक्क्या पानांवर एक रक्कम लावतात आणि कच्च्या पानांवर दुसरी, आणि ते स्वतःला कळतही नाही. आमच्या बैठकीत एक गृहस्थ आहेत. पाने पक्की असली की ते चिप्सची एक सरळ चळत रचतात, तिची कड अंगठ्याने नीट करतात आणि ती दोन बोटांनी हळूच रेषेपलीकडे सरकवतात. पाने कच्ची असली की तीच रक्कम सुट्या चिप्समध्ये, जरा जोरात, टेबलावर येते. हे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळले नाही. पाच शोडाउन एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळले.

थांबून तपासा. ‘हा माणूस ब्लफ करतो’ असे म्हणण्याआधी त्याचा एक तरी उघडा पडलेला ब्लफ आठवावा. तो आठवत नसेल, तर ते वाक्य अजून आपल्या मनातले आहे, टेबलावरचे नाही.

## टप्पा ४: कच्चा वर्ग ठरवावा

आता दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून माणसाला एका वर्गात तात्पुरते ठेवता येते: तो पुष्कळ डाव खेळतो की थोडे, आणि तो रेझ करत खेळतो की कॉल करत? पुष्कळ डाव खेळून कॉल करत राहणाऱ्याला मी ‘न सोडणारा’ म्हणतो. थोडे डाव खेळणारा, आणि दाब आला की पाने टाकणारा तो ‘आवळून खेळणारा’. पुष्कळ डाव खेळून सतत रेझ करणारा तो ‘रेटणारा’. थोडे डाव निवडून ते जोरात खेळणारा आणि ज्याचे ब्लफही उघडे पडलेले आहेत, तो ‘तोलून खेळणारा’.

तीन पत्तीच्या सवयीतून होल्डेमकडे आलेल्यांसाठी येथे एक गोष्ट सांगायला हवी. तीन पत्तीत मधली पाने उघडत नाहीत. समोरच्याबद्दल जे कळायचे ते त्याने ब्लाइंड चाल केली की पाने पाहून केली आणि किती वेळ टिकला यावरूनच. त्यामुळे सारखी चाल वाढवत नेऊन समोरच्याला पॅक करायला लावणे ही सवय अंगी मुरते. होल्डेममध्ये पाच पाने सर्वांसमोर असतात आणि लावण्याच्या चार फेऱ्या होतात, म्हणून आपला दाब त्या पानांशी जुळणारा असावा लागतो, आणि तो जुळतो आहे की नाही हे समोरचा पाहतो आहे का, यावर सगळे अवलंबून असते.

## टप्पा ५: वर्गाप्रमाणे एकच बदल करावा

एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कोणती उपयोगी पडली हे कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक माणसासाठी एकच बदल ठरवावा आणि बाकीचा खेळ होता तसा ठेवावा.

### न सोडणारा

बदल असा: ब्लफ पूर्ण बंद करावा आणि चांगल्या पानांवर मोठ्या रकमा लावाव्यात.

या माणसाच्या मनात एकच विचार असतो, ‘माझ्याकडे काहीतरी आहे, तर पाहू या.’ आपण रिव्हरपर्यंत रचून आणलेली कथा तो ऐकतच नाही; त्याच्या दृष्टीने टेबलावर फक्त त्याची दोन पाने आणि मधली पाच पाने असतात. पॉटमध्ये ३,००० आहेत आणि आपण १,५०० चा ब्लफ केला, असे समजू. हा ब्लफ किमान बरोबरीत सुटण्यासाठी तो तीनपैकी एकदा यशस्वी व्हायला हवा. न सोडणारा पाचपैकी एकदाच पाने टाकत असेल, तर सरासरी हिशेब असा येतो: पाचात एकदा ३,००० मिळाले, चारदा १,५०० गेले, म्हणजे दर ब्लफमागे ६०० चा तोटा. एवढे सोपे गणित असूनही अभ्यासू खेळाडूच येथे सर्वांत जास्त गमावतात, कारण ‘माझ्या खेळावरून कोणीही पाने टाकली असती’ हा राग त्यांना आवरत नाही. समोरच्याला कसे खेळायला हवे होते यावर आपला डाव चालत नाही.

आता एक डाव जवळून पाहू. आपण बटणावर, म्हणजे फ्लॉपपासून पुढे सर्वांत शेवटी बोलण्याच्या जागी आहोत, हातात बदामचा एक्का आणि इस्पिकचा राजा. आपण ३०० चे रेझ केले, बिग ब्लाइंडवरच्या न सोडणाऱ्याने कॉल केला, पॉट ६५०. फ्लॉप: चौकटचा राजा, किल्वरची नव्वी, इस्पिकची चौकी. त्याने चेक केले, आपण ४५० लावले, त्याने कॉल केला, पॉट १,५५०. टर्नवर बदामची सत्ती. पुन्हा चेक, आपले १,१००, पुन्हा कॉल, पॉट ३,७५०. रिव्हरवर किल्वरची दुर्री आली आणि त्याने परत चेक केले.

येथे पुष्कळ जण ‘आता जिंकलोच आहोत, उगाच धोका कशाला’ म्हणून चेक करतात. या माणसासमोर ती चूक आहे. मध्ये पडलेल्या पाच पानांवर ना सरळ क्रम होऊ शकतो, ना एका रंगाची पाच पाने होऊ शकतात. राजासोबत राणी, गुलाम किंवा दश्शी असलेल्या जोड्याच चोवीस प्रकारे पडू शकतात, आणि नव्वी घेऊन बसलेलाही कॉल करणार आहे. २,५०० लावावेत.

पण २,५०० लावल्यावर त्याने एकदम ७,००० चे रेझ केले तर? आता हाच माणूस पूर्वी कधी रेझ करत नव्हता, ही टप्पा २ मधली नोंद कामाला येते. पॉट १३,२५० झाला आहे, आपल्याला आणखी ४,५०० टाकायचे आहेत, म्हणजे कॉल परवडण्यासाठी शंभरातले किमान पंचवीस-सव्वीस डाव जिंकायला हवेत. नव्वी, सत्ती, चौकी किंवा दुर्रीचे तिकट प्रत्येकी तीन प्रकारे, असे बारा; राजाबरोबर यांतले एक पान असलेल्या दुहेरी जोड्या प्रत्येकी सहा प्रकारे, अशा चोवीस. आपल्याला हरवणारे निदान हे छत्तीस प्रकार झाले. कॉल बरोबर ठरण्यासाठी त्यांच्यासमोर किमान तेरा प्रकार असे हवेत, की जे हलक्या पानांवर रेझ करतात. तीन तास नुसता कॉल करणारा माणूस ते करत नाही. एक्का-राजा टाकून द्यावेत, आणि टाकताना जीव जळला तरी टाकावेत.

नेहमीची चूक. ‘इतके गुंतवले आहेत, आता सोडून कसे चालेल?’ आपण आधी टाकलेल्या चिप्स आता आपल्या राहिलेल्या नाहीत. त्या पॉटच्या आहेत. प्रश्न फक्त पुढच्या ४,५०० चा आहे.

### आवळून खेळणारा

बदल असा: त्याच्या ब्लाइंडवर आणि त्याने चेक केलेल्या लहान पॉटवर अधिक वेळा दाब द्यावा, त्याने रेझ केले की अर्धवट चांगली पाने टाकावीत.

त्याला पॉट गमावण्यापेक्षा चुकीने पकडले जाण्याची भीती अधिक असते. वरचेच गणित पुन्हा घेऊ. ३,००० च्या पॉटमध्ये १,५०० चा तोच ब्लफ. पण हा माणूस पाचपैकी तीनदा पाने टाकतो. तीनदा ३,००० मिळाले, दोनदा १,५०० गेले. दर ब्लफमागे सरासरी १,२०० चा फायदा. पाने तीच, रक्कम तीच, फक्त माणूस बदलला.

याच्यासमोर खरी चूक थांबण्याच्या जागी होते. फ्लॉपवर आपण लावले आणि त्याने कॉल केला, टर्नवर लावले आणि त्याने परत कॉल केला, तर रिव्हरवर तिसरा ब्लफ करू नये. जो सहज सोडतो तो दोनदा सोडत नाही, याचा अर्थ त्याच्या हातात सोडण्यासारखे राहिलेले नाही.

### रेटणारा

बदल असा: त्याला रेटू द्यावे आणि मध्यम पानांवर कॉल वाढवावा.

रिव्हरवर पॉट ३,००० आहे आणि त्याने पुरते ३,००० लावले. आपला कॉल परवडण्यासाठी तीनपैकी एकदा जिंकणे पुरे. उघडी पडलेली पाने पाहून आपल्याला वाटते, की अशा वेळी तो शंभरात चाळीसदा ब्लफ करतो. तर कॉलमागे सरासरी ६०० मिळतात, मग हातात फक्त मधली जोडी असली तरी. मात्र कॉल करताना भीती वाटते, आणि ती वाटणे स्वाभाविक आहे. एवढ्या मोठ्या रकमेपुढे मधली जोडी घेऊन बसणे मनाला पटत नाही. म्हणून हा निर्णय त्या क्षणावर सोडू नये. ‘याच्यासमोर कोणत्या पानांपासून कॉल करायचा’ हे डावाच्या बाहेर, शांतपणे ठरवून ठेवावे.

जागा निवडता येत असेल तर रेटणारा आपल्या उजवीकडे असावा, म्हणजे तो आपल्याआधी बोलतो आणि त्याने काय केले ते पाहून आपण ठरवू शकतो.

नेहमीची चूक. त्याच्याशी ईर्षा धरणे. ‘याला धडा शिकवतो’ असे मनात आले, की आपण पुन्हा रेझ करून ब्लफ करू लागतो, आणि जो आपणहून चिप्स देत होता त्यालाच आपल्या देऊन बसतो.

### तोलून खेळणारा

याच्यासमोर काहीही बदलू नये. पॉटएवढी रक्कम लावताना तो दर दोन पक्क्या डावांमागे एक ब्लफ ठेवत असेल, तर आपण कॉल केला काय आणि पाने टाकली काय, सरासरीत फरक पडत नाही. त्याच्याशी मोठे पॉट टाळावेत आणि टेबलावरच्या बाकीच्यांकडे लक्ष द्यावे.

सर्व वर्गांसाठी इशारा. एकाहून अधिक माणसे डावात असताना ब्लफचे गणित कोसळते. प्रत्येकी शंभरात साठदा सोडणारे दोन जण असतील, तर दोघेही सोडण्याची शक्यता छत्तीसच उरते. त्यांतला एक न सोडणारा, म्हणजे वीसदाच सोडणारा असेल, तर ती बारावर येते. ब्लफ करण्याआधी डावात कोण कोण आहे ते मोजावे.

## टप्पा ६: देहबोली शेवटी, आणि आधी हातांकडे

२०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना व्यावसायिक पोकर खेळाडूंच्या चित्रफिती दाखवून त्यांची पाने किती चांगली असतील ते ओळखायला सांगितले होते. ज्यांना फक्त चेहरे दिसले त्यांचे अंदाज नाणे उडवण्यापेक्षाही वाईट ठरले. ज्यांना फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात दिसले त्यांचे अंदाज त्याहून बरे निघाले. कारण समजण्यासारखे आहे. चेहरा सांभाळायचा हे प्रत्येकाला ठाऊक असते, हातांवर फारसे कोणी पहारा ठेवत नाही.

येथेही क्रम पाळावा. आधी तो माणूस डावात नसताना, किंवा क्षुल्लक पॉटमध्ये, कसा बसतो, चिप्स कशा हाताळतो, किती बोलतो ते पाहावे. त्या नेहमीच्या वागण्यापासून मोठ्या पॉटमध्ये काय बदलले तेवढेच टिपावे. एरवी बडबडणारा गप्प झाला, तर त्यात काही अर्थ असू शकतो; मुळात गप्प असणाऱ्याच्या गप्प बसण्यात काहीच नाही. थरथरणाऱ्या हाताचा अर्थ नवखे लोक ‘घाबरला’ असा लावून कॉल करतात आणि अडकतात. अनुभवी खेळाडूंच्या मते ती थरथर बहुतेक वेळा फार चांगली पाने हाती आल्याची असते.

थांबून तपासा. देहबोलीवरून निघालेला निष्कर्ष टप्पा २ आणि ३ च्या नोंदींशी जुळत नसेल तर नोंदींचे ऐकावे. दोन पर्याय अगदी बरोबरीचे असतील तेव्हाच देहबोलीने पारडे झुकवावे.

## टप्पा ७: आपण त्यांना कसे दिसतो ते पाहावे

तासभर खराब पाने आल्यामुळे आपण एकही डाव खेळलो नसू, तर लक्ष देऊन खेळणाऱ्याला आपण आवळून खेळणारे दिसतो, आणि आपल्या पुढच्या रेझला तो मान देईल. पण हे सारे जो पाहतो आहे त्याच्यापुरतेच खरे. फोनमध्ये डोके घालून बसलेल्या न सोडणाऱ्याने आपली ती तासभराची शिस्त पाहिलेलीच नसते.

विचाराच्या पायऱ्याही अशाच मोजाव्यात. पहिल्या पायरीवरचा माणूस फक्त आपली पाने पाहतो. दुसऱ्या पायरीवरचा समोरच्याकडे काय असेल हे पाहतो. तिसऱ्यावरचा समोरच्याला माझ्याकडे काय आहे असे वाटते, हे पाहतो. आपण समोरच्याहून एकच पायरी वर असावे. पहिल्या पायरीवरच्या माणसासाठी तिसऱ्या पायरीची चाल रचली, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

## टप्पा ८: वर्ग पुन्हा तपासावा

माणूस रात्रभर एकसारखा खेळत नाही. मोठा पॉट दुर्दैवाने गमावल्यावर आवळून खेळणारा पुढच्या दहा डावांत रेटणारा होऊ शकतो. खेळाडू या बिघडलेल्या मनःस्थितीला टिल्ट म्हणतात. अशा वेळी त्याने पाने नेहमीपेक्षा लवकर उचलली का, रेझची रक्कम एकदम वाढली का, चिप्स संपताच लगेच नव्या मागवल्या का, हे पाहावे. दर तासाला, आणि प्रत्येक मोठ्या पॉटनंतर, आपण निवडलेल्या दोन माणसांचा वर्ग मनातल्या मनात नव्याने उच्चारावा आणि त्याचा ताजा पुरावा कोणता, तेही स्वतःला विचारावे. पुरावा दोन तासांपूर्वीचाच असेल तर वर्ग खोडून ‘माहीत नाही’ असे धरावे आणि सरळ खेळाकडे परतावे.

हीच कसोटी स्वतःलाही लावावी. एखाद्याने आपला ब्लफ पकडून पाने सगळ्यांना दाखवली, की पुढच्या डावांत त्याचा प्रत्येक कॉल आपल्याला हिणवणारा वाटू लागतो. तसे वाटू लागताच टप्पा १ मधला कागद काढावा.

## टप्पा ९: घरी आल्यावर वही

त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रत्येक निवडलेल्या माणसासाठी चार ओळी लिहाव्यात: किती डावांपैकी किती डावांत उतरला, कोणती पाने उघडी पडली आणि ती त्याने कशी खेळली, आपण कोणता एक बदल केला, तो बदल ज्या कारणासाठी केला ते कारण खरे ठरले का. चौथ्या ओळीत ‘जिंकलो’ किंवा ‘हरलो’ हे शब्द येऊ देऊ नयेत. एक्क्यांची जोडीसुद्धा पाच अनोळखी हातांसमोर शेवटपर्यंत नेली तर निम्म्याहून थोडी अधिक वेळा हरते. एका रात्रीच्या निकालावरून निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरत नाही. न सोडणाऱ्याने रिव्हरवर ७,००० चे रेझ केले, आपण एक्का-राजा टाकून दिले आणि त्याने हसत नव्वी-छक्की दाखवली, असे एखाद्या रात्री होईलही. वहीत तेही पान लिहावे, आणि पुढच्या वेळी त्याने पुन्हा तसेच रेझ केले तर छत्तीस आणि तेराचा हिशेब त्या नव्या शोडाउनसह परत मांडावा.